लेकराला गाडीत नीट कसं बसवायचं: खान्देशातल्या नव्या आईबापांसाठी, कारसीटपासून बाईकच्या बेल्टपर्यंत

आपल्याकडे बाळ यायच्या आधी पाळणा, दुपटी, झबली, टोपरी सगळं तयार असतं, पण दवाखान्यातून घरी येताना आणि मग दोन-तीन महिन्यांनी माहेराहून सासरी जाताना ते बाळ गाडीत बसणार कुठं, हा विचार बहुतेक घरांत होतच नाही. उत्तर ठरलेलंच असतं, आईच्या मांडीवर, आणि तेही पुढच्या सीटवर, कारण मागं आत्या, मावशी, डिंकाच्या लाडवांचे डबे आणि शिदोरी. जळगाव-धुळे हायवेवर, चोपडा-शिरपूर रोडवर, कन्नड घाटात रोज अशा गाड्या दिसतात आणि मला दर वेळी पोटात गोळा येतो. म्हणून नातेवाइकांत नवं बाळ आलं की मी जे फोनवर सांगत बसते ते सगळं इथं एकदाच लिहून काढतेय, लांबलंय, पण तुकड्यातुकड्यानं वाचा.

आधी हे समजून घ्या की हातात धरणं म्हणजे धरणं नाही

"मी घट्ट धरते ना" हे प्रत्येक आई म्हणते आणि मनापासून म्हणते. पण गाडी ताशी ५० च्या स्पीडला असली की मांडीवरचं बाळही त्याच स्पीडला असतं, गाडी कशावर तरी आदळून थांबते, बाळ थांबत नाही. ५० च्या स्पीडची धडक ही उंचीच्या हिशोबात जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी होते. गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर १० किलोच्या लेकराला धरून ठेवायला साधारण १४० किलोचा जोर लागतो, म्हणजे क्विंटलभराचं गव्हाचं पोतं दोन हातांनी उचलून धरण्यापेक्षाही जास्त, आणि तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. पैलवान असला तरी जमणार नाही. यात आईची माया कमी पडत नाही, हाताची ताकद कमी पडते. आणि आपण हायवेला ५० नी जातो कुठं, ८०-९० असतोच.

त्यातून लोक जे उपाय काढतात ते अजून वाईट. एकच बेल्ट आईच्या आणि बाळाच्या भोवती लावणं, यात धडकेला आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि बाळ बेल्ट आणि आईच्या मधे चेपलं जातं. छातीला बांधायचा बेबी कॅरियर चालताना छान आहे, गाडीत त्याचा काही उपयोग नाही, त्याची शिवण धडकेसाठी केलेलीच नसते. मागच्या दोन हँडलांना साडीची झोळी बांधून त्यात बाळ झोपवतात तेही मी पाहिलंय, लांबच्या प्रवासात बाळ शांत झोपतं म्हणून करतात, पण ब्रेक लागला की ती झोळी झोका घेऊन सरळ पुढच्या सीटवर किंवा काचेवर जाते. आणि पुढच्या सीटवर मांडीवर बाळ असेल तर समोर डॅशबोर्डात एअरबॅग आहे, ती ताशी दोनशे-तीनशेच्या वेगानं बाहेर येते, मोठ्या माणसाला वाचवायला बनवलीय, तिच्यापुढं तान्ह्या बाळाचं डोकं आलं तर तीच जीव घेऊ शकते.

कायद्याचं पण सांगून ठेवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलंय, १४ वर्षांच्या आतलं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय (म्हणजे गाडीच्या सीटवर पक्की बसवायची मुलांची वेगळी सीट, तिलाच कारसीट म्हणतात) गाडीत असेल तर १००० रुपये दंड, आणि तो गाडी चालवणाऱ्याला. दंडाच्या भीतीनं का होईना कोणी सीट घेतली तरी मला चालेल.

पहिली पायरी: कोणती सीट? वयापेक्षा वजन आणि उंची बघा

दुकानात किंवा ऑनलाइन "० ते १२ वर्षं" असं लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात, एकदाच खर्च. तसल्या सगळ्याच सीटा वाईट नसतात, पण तान्ह्या बाळाला त्या बऱ्याचदा मोठ्या पडतात, खांद्याचे पट्टे बाळाच्या कानाजवळ येतात आणि मान आत दुमडते. साधारण तीन टप्पे लक्षात ठेवा.

तान्ह्या बाळापासून साधारण १३ किलोपर्यंत मागं तोंड करून बसायची सीट, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या डिकीकडं आणि पाठ ड्रायव्हरकडं. हिला इन्फंट सीट किंवा कॅरी कॉट टाइप सीट म्हणतात, वरती हँडल असतं, बाळासकट उचलून आणता येते. दुसरा टप्पा कन्व्हर्टिबल सीट, ती आधी उलटी (बाळाचं तोंड डिकीकडं) आणि मग सुलटी (तोंड पुढं) लावता येते, यात पाच पट्ट्यांचा हार्नेस असतो, दोन खांद्यावरून, दोन कमरेशी, एक पायांच्या मधून, साधारण १८ किलोपर्यंत. तिसरा बूस्टर, यात मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट वापरायचा, साधारण १५ किलोपासून ३६ किलोपर्यंत.

उलटं बसवायचं कशाला हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं असतं, जन्मल्यावर उंचीच्या चौथा भाग नुसतं डोकंच, आणि मानेची हाडं अजून पूर्ण जुळलेली नसतात, मधे कूर्चाच जास्त. समोरून धडक बसली की सुलट्या बसलेल्या बाळाचं अंग पट्ट्यांनी अडतं आणि डोकं एकटं पुढं फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलटं बसलेलं असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या टेकणीत दबतं आणि जोर सगळीकडं वाटला जातो. म्हणून युरोपातल्या नव्या आर१२९ नियमात १५ महिने पूर्ण होईपर्यंत उलटंच बसवायचं असं आहे. माझं म्हणणं त्याच्याही पुढचं, सीटची उलट्या बाजूची वजनाची मर्यादा संपत नाही तोवर उलटंच ठेवा, दोन वर्षं, तीन वर्षं, जेवढं जमेल तेवढं. "पाय दुमडतात हो त्याचे" म्हणून लोक वर्षाच्या आत सुलटं करून टाकतात. दुमडू देत. पोरं घरी पण मांडी घालून, पाय पोटाशी घेऊनच बसतात, त्यांना त्रास होत नाही.

बूस्टरही लवकर सोडू नका. मूल पहिलीत गेलं की झालं असं नसतं, गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. मुलाला मागच्या सीटवर बसवून बघा: पाठ पूर्ण मागं टेकते का, गुडघे सीटच्या काठावर दुमडतात का, वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध येतो का की मानेला घासतो, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या बाजूला बसतो का की पोटावर चढतो, आणि जळगावहून धुळ्यापर्यंत असंच नीट बसून राहील का. एकाचं जरी उत्तर नाही आलं तरी बूस्टर पाहिजे. पोटावर चढलेला बेल्ट धडकेत आतड्याला आणि यकृताला इजा करतो. साधारण १४५-१५० सेंटिमीटर उंची झाली की बूस्टर सुटतो, म्हणजे बहुतेक पोरं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत.

घेताना सीटवरचा नारंगी स्टिकर शोधा, त्यावर गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, आणि आर४४/०४ किंवा आर१२९ असं लिहिलेलं असतं, हे कारसीटच्या सुरक्षेच्या नियमांचे नंबर. हा स्टिकर नसेल तर कितीही गुबगुबीत आणि स्वस्त असली तरी घेऊ नका. बाजारात नुसती कापडी, स्पंजची, वेल्क्रोनी सीटला बांधायची "पोर्टेबल कारसीट" मिळते हजार-दीड हजारात, ती म्हणजे उशी, कारसीट नाही. चांगली सीट पाच-सहा हजारांपासून पुढं मिळते. लग्नात डीजेवर किती उडवतो आपण, बारशाच्या जेवणाला किती जातात, त्यातलेच बाजूला काढा. मामाकडून येणाऱ्या सोन्याच्या बदामाऐवजी सीट मागा, मी तर स्पष्ट सांगते मागा म्हणून, आणि बऱ्याच मामांनी आनंदानं दिलीय.

दुसरी पायरी: पैसे देण्याआधी गाडीत हात घालून बघा

आपल्याकडं गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात ॲक्सेसरीजवाल्याकडं जाऊन लेदरचं सीट कव्हर बसवतात, आणि तो मागच्या बेल्टची बक्कल कव्हरच्या खाली दाबून टाकतो. कितीतरी घरांत माहीतच नसतं की मागं बेल्ट आहेत. तर आधी मागची सीट उचलून किंवा फटीत हात घालून बक्कलं वर काढा, कव्हरला चिरा पाडायला लागल्या तरी पाडा.

मग मागच्या टेकणीच्या आणि बैठकीच्या फटीत बोटं खोल घाला. लोखंडी जाड तारेचे दोन कडे लागले, एकमेकांपासून साधारण वीतभराहून जास्त अंतरावर, तर ते आयसोफिक्स, म्हणजे बेल्टशिवाय कारसीट सरळ गाडीच्या सांगाड्याला अडकवायची सोय. नव्या गाड्यांत हे बहुतेक असतंच, बाहेर छोटं चिन्ह किंवा टॅग पण असतो. आयसोफिक्स असेल तर आयसोफिक्सवालीच सीट घ्या, कारण बेल्टनी बसवताना चुका जास्त होतात आणि यात क्लिक झालं की झालं, बहुतेक सीटांवर लाल खूण हिरवी होते. पण दोन कड्यांवर काम संपत नाही, तिसरा आधार पण लागतो, एकतर वरून मागं जाणारा पट्टा, टॉप टेदर, नाहीतर खाली जमिनीला टेकणारा पाय. टॉप टेदरचा हूक गाडीत टेकणीच्या मागं किंवा डिकीत असतो, सामान बांधायच्या हुकाला चुकून अडकवू नका, गाडीच्या मॅन्युअलमधे चित्र असतं. आणि पाय टेकवायचा असेल तर खाली पायापाशी झाकणाचा कप्पा असेल त्यावर टेकवू नका, झाकण खचतं.

आयसोफिक्स नसेल, जुनी गाडी असेल, तर बेल्टनी लागणारी सीट घ्या, तीही तितकीच वाचवते, फक्त नीट बसवावी लागते. बेल्ट खांदा आणि कंबर दोन्हीवाला असला पाहिजे. मागच्या मधल्या जागेला जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथं बहुतेक सीटा लागत नाहीत. अजून एक, उलट्या सीटला बेल्ट जास्त लांब लागतो आणि काही गाड्यांत तो पुरतच नाही, म्हणून दुकानदाराला सांगा की गाडीत लावून दाखव, मगच पैसे. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची सोय बघून घ्या.

नवी गाडीच घ्यायची असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून त्या किती सुरक्षित आहेत ते बघायची चाचणी, चालू झालंय, त्यात मुलांच्या सुरक्षेचे वेगळे स्टार देतात, ४९ पैकी गुण असतात. शोरूममधे सनरूफ विचारता तसं हे पण विचारा. आणि सनरूफमधून पोरांना उभं करणं, ते तर कृपा करून बंद करा.

तिसरी पायरी: सीट बसवणं, इथं घाई करू नका

जागा मागचीच. मधली जागा चांगली असते कारण दोन्ही दारांपासून लांब, पण तिथं बेल्ट किंवा आयसोफिक्स नीट नसेल तर डावीकडं, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या बाजूनं बाळाला चढवता-उतरवता येतं, मागून ट्रक येतोय का बघत उभं राहायला लागत नाही. उलटी सीट पुढं, एअरबॅगसमोर, कधीच नाही, कोणत्याही कारणानं नाही.

बेल्टनी लावताना सीट ठेवा, तिच्यावर जो रस्ता दाखवलाय त्यातूनच बेल्ट ओवा, उलट्यासाठी बहुतेक निळी खूण असते आणि सुलट्यासाठी लाल. बक्कल लावा. आता एक गुडघा सीटवर ठेवून सगळं वजन टाका, टाकलेलं ठेवूनच खांद्याकडून बेल्ट ओढा, जेवढा येईल तेवढा, मग लॉक किंवा क्लिप लावा. घाम येतो यात, येऊ द्या. मग बेल्ट जिथून जातो तिथं सीट धरून डावी-उजवीकडं आणि पुढं-मागं हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. वरचं टोक धरून हलवू नका, उलटी सीट वरून थोडी हलतेच, तिथं बघायचं नसतं. गाडीच्या सीटवर जाड गुळगुळीत कव्हर असेल तर सगळं घसरतं, तेवढ्या जागेचं कव्हर काढलेलं बरं.

तान्ह्या बाळासाठी टेकणीचा कल बघा, साधारण ४५ अंश. फार उभी झाली तर झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते, कारण मान उचलून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. सीटच्या बाजूला रेघ किंवा बुडबुडा असतो, गाडी सपाट जागेवर लावून तो जुळवा, अंगणातल्या उतारावर नाही. दिवस पूर्ण न होता जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ असेल तर दवाखान्यातून निघायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा की सीटमधे बसवलेलं चालेल का.

हे सगळं नवव्या महिन्यातच करून ठेवा. दवाखान्याच्या दारात, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात बाळ घेऊन, नातेवाइक हॉर्न वाजवतायत, तेव्हा हे होत नाही.

चौथी पायरी: बाळाला बसवणं

इथं मला सगळ्यात जास्त चुका दिसतात, सीट चांगली, बसवलीय पण चांगली, आणि पट्टे सैल. का सैल, तर "आवळतं त्याला". खांद्याच्या पट्ट्याला बोटांच्या चिमटीत उभी घडी धरायचा प्रयत्न करा, घडी चिमटीत आली तर सैल आहे, बोटं नुसती घसरली तर बरोबर. रोज, प्रत्येक वेळी, बक्कल लावल्यावर ही चिमटी बघायची, दोन सेकंद लागतात.

पट्टा कुठून निघतो ते पण बघा. उलटं बसलेलं असेल तर खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालून, सुलटं असेल तर खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित वरून. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदम वाढतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी उंची बदला. पट्ट्यांना पीळ पडू देऊ नका.

आणि जाड कपडे नको. धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच पडते, मग लोकरीचा स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि वरून पट्टे, म्हणजे पट्टे घट्ट वाटतात पण धडकेत ती सगळी लोकर दबते आणि आत बाळ मोकळंच. बारशाचा नाहीतर जावळाचा फुगीर जरीचा फ्रॉक, त्याचं पण तेच. पातळ कपड्यात बसवा, चिमटी बघा, मग वरून शाल किंवा छोटी गोधडी पांघरा. डोक्यामागं उशी, मोहरीची उशी, टॉवेलच्या गुंडाळ्या, सीटबरोबर आलेल्या नाहीत त्या काही घालू नका. गळ्यातला ताईत, काळा दोरा सैल असेल तर प्रवासापुरता काढून ठेवा, पट्ट्यात अडकतो.

लांबच्या प्रवासाला थांबे घ्या. जळगावहून सप्तशृंगी गडावर नाहीतर नाशिकला जायचं तर तान्ह्या बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमधे ठेवू नका, अगदी पहिल्या महिन्यात तर अर्ध्या-पाऊण तासानी बाहेर काढा, दूध पाजा, मोकळं करा. दूध पाजायला गाडी थांबवायचीच, चालत्या गाडीत काढून पाजायचं नाही. आणि घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून सीटमधेच ओट्यावर ठेवून देऊ नका, काढून सपाट अंथरुणावर निजवा.

आपला उन्हाळा, ह्याचं वेगळं सांगायलाच पाहिजे

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे आपल्याला नवं नाही. पण गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी वाढू शकतं, आणि सीटची लोखंडी बक्कल तर तव्यासारखी तापते. बाळाची मांडी त्याला लागली की फोड येतो, आणि मग ते पुढं महिनाभर सीट दिसली की रडतं. म्हणून गाडी लावली की सीटवर पांढरा, जाड, कोरडा सुती टॉवेल टाकून ठेवायचा, बक्कल त्याच्या खाली लपवायची. बसवायच्या आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बक्कल लावून बघा, पट्ट्यांवरून हात फिरवा. दारं उघडी ठेवून दोन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, एसी चालू करा, मग बाळ.

खिडकीला जाळीचा पडदा लावा, पण सीटवर ओढणी पांघरून तंबू करू नका, आत हवा कोंडते आणि बाळ दिसत पण नाही. आणि पाच मिनिटांसाठी सुद्धा, केळीच्या गाड्यापाशी थांबलोय, एटीएममधे जाऊन येते, असं म्हणून बाळाला बंद गाडीत ठेवायचं नाही, काच चार बोटं खाली असली तरी नाही. लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. मागं बाळ झोपलंय हे विसरायला होतं, विशेषतः रोज दुसरंच कोणी सोडायला जात असेल तर, म्हणून आपली पर्स नाहीतर मोबाइल मागं बाळाच्या सीटपाशी ठेवायची सवय लावा.

घरचे ऐकत नाहीत, बाळ रडतं, मग?

"काय करस वं, पोऱ्याले बांधी ठेवस का?" हे आजीकडून येणारच. आणि आपण चार पोरं मांडीवर वाढवली, काही व्हत नही, हे पण. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्या काळात रस्त्यावर एवढ्या गाड्या नव्हत्या आणि एवढ्या वेगात नव्हत्या. मला जे उपयोगी पडलं ते असं: आजीलाच बाळाशेजारी बसवायचं, चिमटीची परीक्षा आजीला शिकवायची आणि हे काम त्यांच्यावर सोपवायचं. मग त्याच दुसऱ्यांना रागावतात पट्टा सैल का ठेवला म्हणून. डॉक्टरांच्या तोंडून एकदा सांगून घेतलं तरी फरक पडतो.

आजीनं, आत्यानं, सगळ्यांनी मागं बेल्ट लावायचा, हे बाळासाठीच. मागं मोकळा बसलेला मोठा माणूस धडकेत सरळ बाळाच्या सीटवर येतो. सामानाचं पण तेच, गावाहून येताना पापड-कुरडयांचे स्टीलचे डबे, पाण्याचा जार, नारळ हे मागच्या फळीवर ठेवायचे नाहीत, डिकीत खाली, दाबून.

रडण्याचं म्हणाल तर पहिल्या आठ-दहा दिवसांत ठरतं सगळं. सीट आधी घरात आणा, बाळाला तिच्यात खेळवा, मग गल्लीत छोटी चक्कर, पोट भरलेलं असताना. रडलं म्हणून चालत्या गाडीत एकदा जरी बाहेर काढलं तर त्याला कळतं की रडलं की सुटका होते. रडू आलं तर गाडी बाजूला घ्या, थांबा, घ्या जवळ, मग परत बसवा. दोन-अडीच वर्षांचं पोरगं पट्ट्यातून हात काढतं, तेव्हा एकच नियम, पट्टे लागल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि चालू असेल तर थांबते. आवाज चढवायचा नाही, नुसतं थांबायचं. कंटाळा येतो, उशीर होतो, पण थोड्याच दिवसांत ते स्वतः विचारतं की पप्पांनी बेल्ट लावला का.

लग्नाची गाडी, भाड्याची गाडी, एसटी

खरी अडचण इथं आहे. वऱ्हाडाची क्रूझर, तीत पंधरा-वीस माणसं, कुठली सीट आणि कुठला बेल्ट. मागच्या आडव्या बाकड्यांवर कारसीट लागतच नाही, ती पुढं तोंड असलेल्या बाकावरच लागते. तान्हं बाळ असेल तर मी सरळ सांगते, वऱ्हाडाबरोबर जाऊ नका, घरच्या गाडीनं मागून जा, किंवा रेल्वेनं जा. भाड्याची कार ठरवताना फोनवरच विचारा, "दादा, मागचे बेल्ट बाहेर काढून ठेवा, आमची बाळाची सीट लावायचीय." बहुतेक ड्रायव्हर भाऊ काढून देतात, त्यांना पण घरी पोरं आहेत.

एसटीत बेल्ट नसतात, तिथं मूल खिडकीच्या बाजूला, आत, गाडीच्या मधल्या भागात बसवा, दारापाशी आणि सगळ्यात पुढच्या बाकावर नको. रिक्षात मूल मधे, दोन्ही बाजूला मोठी माणसं, ड्रायव्हरशेजारी तर अजिबात नाही.

मोटरसायकल

आपल्याकडं अर्ध्याहून जास्त घरांची गाडी म्हणजे दुचाकीच, तिच्याबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. टाकीवर पुढं एक, मधे एक, मागं आई आणि तिच्या कडेला तान्हं, हे चित्र यावल-रावेरच्या रस्त्यावर रोज दिसतं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून केंद्राचा नियम लागू झालाय: चार वर्षांच्या आतलं मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याला जोडणारा सेफ्टी हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, सायकलचं चालतं, आणि स्पीड ४० च्या वर नाही.

हार्नेस म्हणजे लेकराला घालायचं जाकिटासारखं असतं, त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यावरून आणि कमरेभोवती येतात, दप्तर उलटं अडकवल्यासारखे. तो ३० किलो वजन पेलणारा असावा असं नियमात आहे, घेताना विचारा, बक्कलं ओढून बघा. मूल मागं बसतं, चालवणाऱ्याच्या पाठीशी, टाकीवर नाही, कारण टाकीवरचं मूल धडकेत हँडल आणि बापाच्या छातीमधे सापडतं. हार्नेसनी मूल झोपेत पडत नाही, हा त्याचा खरा फायदा, दुपारच्या वाऱ्यावर पोरं पाच मिनिटांत डुलक्या घेतात. त्यानं कारसीटसारखं संरक्षण मिळत नाही, हे पण स्पष्ट सांगते. पाय चाकात, साडीचा पदर नाहीतर ओढणी चेनमधे, याच्यासाठी साडीगार्ड पाहिजेच, आणि मुलाच्या पायात सँडल किंवा बूट.

नऊ महिन्यांच्या आतलं बाळ दुचाकीवर नेऊच नका. त्याच्या मापाचं हेल्मेट मिळत नाही आणि मिळालं तरी त्या मानेला त्याचा भार झेपत नाही. लसीला आरोग्य केंद्रात जायचंय तर रिक्षा करा, शेजारच्या काकांच्या गाडीला विनंती करा, दोन बायका मिळून भाडं वाटून घ्या.

सीट सांभाळणं आणि पुढं देणं

घाटात पोरं ओकतात, कन्नडच्या वळणांत तर हमखास. कापडी कव्हर काढून धुता येतं, पण पट्टे मशीनमधे टाकू नका, ब्लीच नको, साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून पुसा आणि सावलीत वाळवा, तीव्र धुलाईनं पट्ट्याचा धागा कमकुवत होतो. बक्कलमधे बिस्किटाचा चुरा, केळीचा गर जाऊन ती अडकते, क्लिकचा आवाज आला नाही तर आधी साफ करा.

बहिणीच्या पोराची सीट घेत असाल तर बिनधास्त घ्या, पण चार गोष्टी विचारून: ती गाडी कधी जोरात ठोकली होती का, खालचा प्लास्टिकचा सांगाडा कुठं तडकलाय का, मॅन्युअल आहे का, आणि तळाला छापलेली तारीख काय, बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, कारण ठोकलेली होती की नाही हे कोणी सांगत नाही आणि डोळ्यांना दिसत पण नाही. आणि मोठा अपघात झालेल्या गाडीतली सीट, वरून नवीकोरी दिसली तरी, कोणाला देऊ नका, भंगारात टाकायच्या आधी पट्टे कात्रीनं कापून टाका म्हणजे कोणी उचलून परत वापरणार नाही.